दहा ओळींत आनंदाबाई

माझी पहिली बातमी छापून आली ती तक्रार म्हणून आली.

गावात नळयोजनेचा नवीन पंप बसला होता. सरपंच प्रभाकररावांनी नारळ फोडला, पाणी आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बातमी आनंदाची होती. मी ती अशी लिहिली : ‘प्रति, मा. संपादक साहेब, वर्धा. विषय : मौजे अल्लीपूर येथे नवीन पंप सुरू झाल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की...’ आणि शेवटी, ‘तरी याबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ तेहतीस वर्षं मी अल्लीपूरच्या ग्रामपंचायतीत लिपिक होतो. कोरा कागद समोर आला की माझा हात मला न विचारता ‘प्रति’ लिहून मोकळा होतो.

वर्तमानपत्राच्या वर्ध्याच्या कचेरीत त्यांनी कागदाचं वरचं टोक पाहिलं, खालचं टोक पाहिलं आणि बातमी ‘जनतेची गाऱ्हाणी’ या सदरात लावली. चौथ्या दिवशी पंचायत समितीचे एक साहेब कात्रण घेऊन गावात हजर झाले.

‘तक्रार कशाची आहे?’ प्रभाकररावांनी विचारलं.

‘पंप सुरू झाल्याची.’

‘पंप सुरू झाला हे चांगलं नाई काय, साहेब?’

‘चांगलं की वाईट ते चौकशीत ठरेल. तोपर्यंत बंद ठेवा.’

पंप नऊ दिवस बंद होता. प्रभाकरराव माझ्या ओट्यापुढे येऊन उभे राहिले. ते मोठ्यानं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. ते हळू बोलले. ‘रूपरावजी, निवडणुकीले दोन वर्स आहेत अजून. तुमी आतापासूनच लागले काय?’

शेजारच्या अनुसयाबाई पाण्याचा रिकामा पितळी गुंड डोक्यावर घेऊन विहिरीकडे चालल्या होत्या. त्या थांबल्या. ‘भाऊजी, आता पंप बंद पडल्याची बातमी लिहा. त्याची बी तक्रार होईन आन चालू करतीन.’

गावात माझ्या लिखाणावर झालेली ही पहिली चर्चा.

या वयात मी बातमीदार कशाला झालो, असं कोणीही विचारील. बऱ्याच जणांनी विचारलंच. कारण एकच होतं आणि ते मी कोणाला सांगत नव्हतो. माझी बायको आनंदाबाई गेली तेव्हा, म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत, पेपरात बातमी आली होती. मथळा होता, ‘रूपराव साटोणे यांना पत्नीशोक’. खाली लिहिलं होतं, ‘येथील ग्रामपंचायतीचे निवृत्त लिपिक रूपराव साटोणे यांच्या पत्नीचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पती, एक मुलगा, एक मुलगी, नातवंडे असा बराच मोठा आप्तपरिवार आहे.’ माझं नाव दोनदा. माझा हुद्दा एकदा. नातवंडांचाही उल्लेख. जी मेली तिचं नाव नाही.

यात पेपरवाल्यांची काही चूक नव्हती. त्या दिवशी बंडूजी कागद घेऊन आले होते आणि ही बातमी मीच माझ्या अक्षरात लिहून दिली होती. लोक अंगणात बसले होते, ती आतल्या खोलीत होती, आणि मी ओट्यावर बसून तिची नोंद घेतली आणि तिचं नाव टाकायला विसरलो. तेहतीस वर्षांत मृत्यूच्या रजिस्टरात मी कोणाच्या नावाचा रकाना रिकामा सोडला नव्हता.

म्हणून तिच्या वर्षाला तिच्या नावाची एक नीट बातमी छापून आणायची, एवढंच माझ्या मनात होतं. दहा ओळी. जास्त नाही.

आमच्याकडे वार्ताहर म्हणजे जो पेपर वाटतो तो. अठरा वर्षं ते काम बंडूजींकडे होतं. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आणि ते एकाचा पेपर दुसऱ्याच्या घरात टाकू लागले. तेव्हा मी ते काम मागून घेतलं. सकाळच्या गाडीनं अंक यायचे, ते सायकलवर वाटायचे. दुपारी साडेतीनच्या गाडीनं बातम्या जायच्या. पाकिटावर ‘बातमी, तातडीची’ असं लिहून ते कंडक्टरच्या हातात द्यायचं. कंडक्टर ते खिडकीजवळ टोचून ठेवायचा आणि बहुतेक वेळा ते वर्ध्याला उतरायचं. एकदा ते पुलगावपर्यंत जाऊन परत आलं. त्यामुळे आमच्या गावातलं हळदीकुंकू जिल्ह्याला आठ दिवस उशिरा कळलं आणि ‘आज’ आहे असं कळलं. ज्या बाईच्या घरी ते झालं होतं तिच्याकडे त्या दिवशी दोन बायका नव्या साड्या नेसून गेल्या.

वर्ध्याच्या कचेरीत खेड्यापाड्याच्या बातम्या पाहणारे भैयाजी म्हणून एक तरुण गृहस्थ होते. मी त्यांना कधी पाहिलं नाही. बसस्टँडवरच्या एसटीडीतून त्यांचा आवाज तेवढा ऐकला. त्यांनी मला धीरानं शिकवलं. ‘काकाजी, “प्रति” नको. “विषय” नको. “सदर” तर नकोच नको. काय झालं ते पहिल्या ओळीत लिहा. कोणी केलं ते दुसऱ्या ओळीत.’

मी घरी येऊन लिहिलं, ‘सदर गावात काल पाऊस झाला.’ मग ‘सदर’ खोडलं. ‘गावात काल पाऊस झाला.’ वाक्य इतकं उघडं दिसू लागलं की मी त्याच्यापुढे ‘मौजे’ घातलं. ते खोडलं. मग कोणी केलं ते लिहायचं राहिलं.

असे चार महिने गेले. माझ्या सहा बातम्या छापून आल्या. त्यातल्या दोन बरोबर होत्या. जानेवारीत मी हिय्या करून भैयाजींना विचारलं.

‘काकाजी, निधनाची बातमी आठ दिवसांच्या आत. वर्षानंतर ती जाहिरात होते.’

‘जाहिरात नको. मला बातमी पाहिजे.’

‘मग काही तरी घडू द्या. घडल्याशिवाय बातमी कशी होणार?’

‘ती गेली हे घडलंच की.’

‘ते मागच्या वर्षी,’ भैयाजी म्हणाले. ते वाईट बोलत नव्हते. त्यांच्या कामाचा नियम सांगत होते, आणि नियम सांगणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर आहे. ‘असं करा, त्यांच्या नावानं एखादा कार्यक्रम घ्या. शिबिर घ्या. त्याची बातमी मी नक्की लावतो.’

मी बंडूजींकडे गेलो. ते डोळ्यावर हिरवं फडकं बांधून खाटेवर बसले होते. ‘डोळ्याचं शिबिर घ्या, रूपरावजी,’ ते लगेच म्हणाले. ‘वयनीच्या नावानं पुण्य बी लागन आन माह्या डोळ्याचं बी होऊन जाईन.’

ओट्यावर अनुसयाबाई तुरी पाखडत होत्या. ‘शिबिर कायले, भाऊजी? तिच्यावर लिहायचं आहे नं? मंग बसा आन लिहा.’

‘वर्तमानपत्राची रीत वेगळी असते, बाई. तुम्हाला ते कळायचं नाही,’ मी म्हणालो. हे वाक्य मी का बोललो ते मला माहीत आहे. चार महिन्यांत मला पहिल्यांदा कोणाला तरी काही शिकवायची संधी मिळाली होती.

शिबिरासाठी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, डोळ्याचे डॉक्टर वर्ध्याहून येतात, त्यासाठी वरचं पत्र लागतं. वरचं पत्र हवं असेल तर खालून मागणी लागते. खालून म्हणजे कोण? ग्रामपंचायत. मी प्रभाकररावांकडे गेलो. त्यांच्या डोक्यातून पंप अजून उतरला नव्हता. ‘देतो पत्र,’ ते म्हणाले. ‘पन अध्यक्ष कोन राहीन शिबिराचा?’

‘तुम्हीच.’

पत्र लगेच मिळालं.

लाऊडस्पीकरच्या परवानगीसाठी पोलीस चौकीत गेलो. तिथल्या जमादारानं माझा अर्ज दोनदा वाचला. अर्ज उत्तम होता. अर्ज लिहिण्यात मला तोड नाही. जमादार म्हणाले, ‘कार्यक्रम कोनाच्या नावानं आहे?’

‘आनंदाबाई रूपराव साटोणे.’

‘त्यांचं संमतीपत्र जोडा.’

‘त्या वारल्या.’

‘कवा?’

‘मागच्या वर्षी. म्हणूनच तर कार्यक्रम आहे.’

जमादारानं विचार केला. ‘मंग संमती देऊ शकत नाई, असं दाखवनारा कागद जोडा.’

दुसरा कोणी असता तर हसला असता किंवा भांडला असता. मला ते रास्त वाटलं. रकाना आहे तर तो भरला पाहिजे. मी मृत्यूचा दाखला आणायला ग्रामपंचायतीत गेलो. माझ्या खुर्चीवर आता नवीन लिपिक बसतो. त्यानं मान वर न करता भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर लाल रंगात फलक होता : ‘दाखल्यांकरिता फक्त सोमवारी व गुरुवारी यावे. विनाकारण वाद घालू नये.’ त्या दिवशी मंगळवार होता. फलक माझ्या अक्षरातला होता. दुसरं वाक्य मी स्वतः वाढवलं होतं, तेव्हा प्रभाकररावांचे वडील सरपंच होते आणि त्यांनी माझी पाठ थोपटली होती.

मी वाद घातला नाही. गुरुवारी गेलो. लिपिकानं छापील अर्ज पुढे केला. ‘मयताशी अर्जदाराचं नातं?’

‘नवरा.’

‘पुरावा?’

‘अहो, मी याच खुर्चीत...’

‘पुरावा, काकाजी. अर्जात रकाना आहे.’ तो अर्ज मी एक्याऐंशी साली तयार केला होता. पुराव्याचा रकाना माझ्या डोक्यातून निघाला होता. घरी येऊन मी मुलगी मोहिनीच्या लग्नाची पत्रिका शोधली, तिच्यावर आमची दोघांची नावं एका ओळीत होती. सोमवारी ती जोडली. अशा रीतीनं मी माझ्या मेलेल्या बायकोचा नवरा असल्याचं सरकारदरबारी सिद्ध झालं.

आता फोटो. हार घालायला फोटो लागतो. आनंदाचा एकटीचा फोटो घरात नव्हता. मोहिनीच्या लग्नातला एक होता, त्यात अकरा जण होते. हिंगणघाटच्या स्टुडिओवाल्यानं त्यातून तिला कापून मोठं केलं. चेहरा चांगला आला, पण खांद्यावर एक हात राहून गेला. ‘हात काढू शकत नाई, खांदाबी जाईन,’ तो म्हणाला. हात बांगड्यांचा होता, म्हणजे माझा नव्हता. मग फोटोवर हार जरा मोठा घालायचं ठरलं.

इकडे गावात बातमी पसरली की शिबिराचं पेपरात येणार आहे. त्याबरोबर सोसायटीचे अध्यक्ष अण्णाजी माझ्याकडे आले. अण्णाजी आणि प्रभाकरराव यांच्यात बारा वर्षांपासून बोलणं नाही. दोघांचे निरोप मधल्या माणसानं न्यायचे असतात आणि बरीच वर्षं तो मधला माणूस मी होतो.

‘रूपरावजी, अध्यक्ष तो काऊन?’

‘त्यांनी पत्र दिलं.’

‘पत्र मी बी देतो. कोनतं पायजे ते सांगजा.’

शेवटी अण्णाजी उद्घाटक झाले. उद्घाटक मोठा की अध्यक्ष, यावर दोन दिवस गेले. मग अण्णाजींचा भाऊ प्रमुख अतिथी झाला, म्हणून प्रभाकररावांचा साळा विशेष अतिथी झाला. मग स्वागताध्यक्ष, संयोजक, सहसंयोजक, मार्गदर्शक. जो ओट्यावर येई तो चहा पिताना सहज विचारी, ‘माह्यं नाव कुठी टाकलं?’ नाही म्हणणं मला नोकरीतही जमलं नव्हतं. पत्रिका छापून आली तेव्हा तिच्यावर त्रेचाळीस नावं होती. आनंदाचं नाव सर्वात वर, पण बारीक अक्षरात, कारण छापखानेवाला म्हणाला की जागा उरली नाही. सगळ्यांना मी शब्द दिला की पत्रिकेवर नाव ते पेपरात नाव.

तेरा फेब्रुवारीला शिबिर झालं. दहा वाजता होतं, डोळ्यांचे डॉक्टर दीड वाजता आले. ‘तवरक दोन शब्द बोलून घ्या,’ असं कोणीतरी म्हणालं आणि साडेतीन तास दोन दोन शब्द चालले. प्रभाकरराव पंपावर बोलले. पंप बंद असतानाच्या नऊ दिवसांचं त्यांनी असं वर्णन केलं की लोक माझ्याकडे वळून वळून पाहू लागले. अण्णाजी सोसायटीच्या खतावर बोलले. मग त्यांना आठवलं की हा कार्यक्रम कोणाच्या तरी स्मृतीचा आहे. त्यांनी फोटोकडे पाहिलं, हार मोठा होता, चेहरा अर्धा दिसत होता. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, ‘कैलासवासी अनुसयाबाईच्या जान्यानं गावात जे खड्डं पडलं ते काई भरून निंगनार नाई.’

‘बापा, मी जित्ती आहो!’ बायकांमधून अनुसयाबाई उठून उभ्या राहिल्या. ‘खड्ड्यात घालतं काय मले?’

सगळा मांडव हसला. मीही हसलो. हसताना माझ्या लक्षात आलं की सकाळपासून आनंदाचं नाव माईकवरून एकदाही आलं नव्हतं. आभार मानायला माझी पाळी येईल तेव्हा ते घ्यावं असं ठरवलं. पण आभाराच्या यादीत त्रेचाळीस नावं होती, आणि एकोणतिसाव्या नावाला डॉक्टरांची जीप आली आणि मांडव रिकामा झाला. बंडूजी रांगेत पहिले होते. त्यांच्या डोळ्याला अजून सहा महिने पिकू द्यावं लागेल असं निघालं.

दुसऱ्या दिवशी मी बातमी लिहिली. मथळा, अध्यक्ष, उद्घाटक आणि सगळी नावं. मग खाली बोटभर जागा उरली, तिथे ‘कै. आनंदाबाई साटोणे यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ’. पाकीट साडेतीनच्या गाडीनं गेलं. तिसऱ्या दिवशी मी एसटीडीतून फोन लावला.

‘काकाजी, ही बातमी आहे की मतदारयादी?’ भैयाजी म्हणाले. ‘माझ्याकडे दहा ओळी आहेत. नावंच सव्वीस ओळी होतात.’

‘मग?’

‘खालून कापतो आम्ही. जागा संपली की शेवटचं जातं.’

शेवटी ती होती.

‘थांबा,’ मी म्हणालो. ‘ही फेकून द्या. मी दुसरी लिहून पाठवतो.’

‘नावं?’

‘नावं नाहीत.’ हे मी बोललो आणि एसटीडीच्या काचेबाहेर पाहिलं. बाहेर प्रभाकररावांचा साळा, विशेष अतिथी, माझ्याकडे पाहून हात हलवत होता.

मग लिहायला बसलो. हे सांगायला सोपं वाटतं. दुपारी जेवण झालं की दाराला कडी घालायची आणि कागद घ्यायचा. पहिल्या दिवशी लिहिलं, ‘सदर महिला मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीच्या होत्या.’ चार महिने अंक वाटून मला माहीत झालं होतं की आमच्या जिल्ह्यात मेलेला प्रत्येक माणूस मनमिळाऊ असतो. आणि आनंदा मनमिळाऊ नव्हती. तिला अण्णाजींचा आवाज सहन होत नसे. ती त्यांच्या तोंडावर दार लावून घेई आणि मग मी बाहेर जाऊन ‘ती झोपली आहे’ असं सांगे. खोडलं. दुसऱ्या दिवशी ‘कष्टाळू’ लिहिलं. खोडलं. तिसऱ्या दिवशी काहीच लिहिलं नाही, पण कागद फाडला. चौथ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की मला गावातल्या प्रत्येक घराचा नंबर माहीत आहे, कोणाच्या भिंतीची उंची किती आहे ते माहीत आहे, आणि जिच्याबरोबर तेहतीस वर्षं राहिलो तिच्याबद्दल मला दहा ओळींचा मजकूर नाही. मी मोजून पाहिलं. सात ओळी निघत होत्या.

त्या सातच लिहिल्या. खोडायला काही नव्हतं.

‘अल्लीपूर येथील आनंदाबाई रूपराव साटोणे यांना जाऊन तेरा फेब्रुवारीला एक वर्ष झाले. त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या. त्यांना लिहिता येत नव्हते, पण गावात कोणाच्या घरी कोण कधी जन्मले हे त्यांना पाठ होते. त्यांना विचारून ग्रामपंचायतीच्या नोंदी दुरुस्त होत. शाबासकी त्यांच्या पतीला मिळत असे. अंबाडीची भाजी त्यांच्यासारखी कोणाची होत नाही. दरवर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या गुरुवारी त्या पहाटेच्या गाडीने गिरडला दर्ग्याच्या टेकडीवर जात व सायंकाळी परत येत.’

पाकीट गेलं. दुसऱ्या दिवशी फोन लावला.

‘काकाजी, हे तुम्ही लिहिलं?’

‘हो.’

‘“सदर” नाही एकही.’

‘नाही.’

‘मी घेतो हे. कार्यक्रम नसला तरी घेतो. फक्त एक राहिलं.’ कागदाची सळसळ ऐकू आली. ‘त्या गिरडला कशासाठी जात होत्या ते आलं नाही. नवस होता का काय? वाचणारा विचारेल.’

‘ते मला माहीत नाही.’

‘मग त्यांना विचारून घ्या ना, आणि उद्याच्या साडेतीनच्या गाडीनं पाठवा.’

‘बरं,’ मी म्हणालो. वरून काही काम आलं की मी ‘बरं’च म्हणत आलो आहे.

मीटर पडत होतं. मग भैयाजी म्हणाले, ‘काकाजी... माझं लक्ष नव्हतं. दिवसभर तेच बोलतो सगळ्यांना.’

‘असू द्या.’

‘मग असं टाकू का? “कारण कळू शकले नाही.” अपघाताच्या बातमीत टाकतो तसं.’

‘टाका,’ मी म्हणालो. बातमी खरी असली पाहिजे.

बातमी चोवीस फेब्रुवारीला दुसऱ्या पानावर, खालच्या बाजूला आली. ‘आनंदाबाई साटोणे यांचे स्मरण’. मी सायकल लावून बसस्टँडवरच ती वाचली. तिचं नाव दोनदा होतं. शेवटचं वाक्य होतं, ‘त्या तेथे कशासाठी जात, हे कळू शकले नाही.’ त्यानंतर मी ते चव्वेचाळीस अंक माझ्या हातानं घरोघरी टाकले. त्यातले निम्मे अशा घरांत, ज्यांना मी नावाचा शब्द दिला होता.

दुपारपर्यंत अंगण भरलं. अण्णाजी म्हणाले, ‘उद्घाटन मी केलं आन माह्यापेक्षा अंबाडीची भाजी मोठी झाली?’ प्रभाकररावांनी अण्णाजींकडे पाहून मान हलवली. बारा वर्षांत ते दोघं पहिल्यांदा एका बाजूला उभे होते. आठ दिवसांच्या आत एकोणीस जणांनी पेपर बंद केला. पेपराच्या कचेरीला निवेदन गेलं की वार्ताहर एकतर्फी बातम्या देतो. निवेदनाची भाषा वाईट होती. मला ती दुरुस्त करून द्यावीशी वाटली. मार्च संपता संपता अंक पुन्हा बंडूजींच्या सायकलवर गेले, आणि लोकांना पुन्हा एकमेकांचे पेपर मिळू लागले.

त्याच सुमारास एका दुपारी अनुसयाबाई माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. बंडूजींनी त्यांना ते कात्रण वाचून दाखवलं होतं, डोळ्याला अगदी जवळ धरून.

‘भाऊजी, ते कळू शकले नाई असं छापून आलं म्हन्ते.’

‘हो.’

‘कोनाले कळू शकले नाई?’

‘मला.’

‘मंग मले काऊन नाई विचारलं? पोलिसाले विचारलं, डाक्टरले विचारलं, त्या अण्णाजीले विचारलं. मी इथी रोज तुरी पाखडून राह्यली होती तुमच्या डोळ्यासमोर.’

मी विचारलं, ‘काय मागायची ती तिथं?’

‘काई नाई. नवस ना गिवस. दोन डाव मी गेलती तिच्यासंगं. वरी चढायची, हात जोडायची, आन मांगच्या अंगाले एक झाड आहे, त्याच्याखाली बसायची. बसूनच राहे. मी म्हनो, माय, उठ नं, गाडी चुकन. तं म्हने, थांब नं बाई जराशी. इथी कोनी हाक नाई मारत.’

एवढं सांगून त्या उठल्या. जाताना दारात वळून म्हणाल्या, ‘आता हे छापू नोका, भाऊजी. तुमचं नाव खराब होईन.’

तेहतीस वर्षं आमच्या घरात हाक कोण मारत होतं, याची चौकशी लावायची गरज नव्हती. टॉवेल, पाणी, चपला, छत्री, रजिस्टर, पुन्हा पाणी. वर्षातला एक गुरुवार सोडून.

संध्याकाळी दिवा लावायला गेलो तर काडेपेटी सापडेना. नेहमीच्या सवयीनं तोंड उघडलं. मिटलं. मग फडताळ पाहिलं, चुलीमागे पाहिलं, तिच्या पेटीवर पाहिलं, गादीखाली पाहिलं. बाहेर अंधार पडला. घर अंधारात राहिलं. काडेपेटी पाऊण तासानं सापडली, डाळीच्या डब्यामागे. तोवर मी हाक मारली नाही.